कढईकाकूंचे ओठ

"माझी भांडी नेलीत तेवढी झाली. आता सुनेची न्या. ती कुठे काय बोलतेय?"

हे वाक्य निवेदितासाठी नव्हतं. सासूबाईंनी, म्हणजे नीलाताईंनी, ते पोळी उलटता उलटता आपल्या नवऱ्याला ऐकवलं होतं. पण त्या घराच्या स्वयंपाकघराची खिडकी गॅलरीत उघडत होती आणि गॅलरीत निवेदिता कपडे वाळत घालत होती. तिच्या दातांत दोन चिमटे होते, त्यामुळे ती कुठे काय बोलतेय, हे त्या घटकेला तरी अक्षरशः खरं होतं.

लग्न होऊन तिला फार दिवस झाले नव्हते. तेवढ्यात घराने एक गोष्ट पक्की केली होती, ती म्हणजे सून अबोल आहे. आणि त्यावरून दुसरी आपोआप सिद्ध झाली होती, ती म्हणजे तिची कशालाच हरकत नसते. (अबोल माणसाला हरकती असतात. उलट जास्तच असतात. बोलकी माणसं त्या वेळच्या वेळी खर्चून टाकतात, अबोल माणसाच्या नुसत्या साठत जातात.)

ह्या वेळची हरकत तशी मोठी होती. ज्या भांड्यांची वाटणी चालली होती ती तिच्या रुखवतातली होती. माळ्यावर खोक्यात, माहेरच्या सुतळीची गाठसुद्धा न सुटलेली. कारण ती ह्या घरासाठी नव्हतीच. निवेदिता आणि तिचा नवरा अथर्व ह्यांनी कल्याणच्या अलीकडे कोन गावात एक फ्लॅट भाड्याने ठरवला होता. घर भिवंडीत, अथर्वचं ऑफिस कल्याणला, मधे रोजचा ट्रॅफिक, कोनहून त्याला अर्धं आयुष्य परत मिळणार होतं. एक तारखेला जायचं होतं. आईबाबांना सांगायचं काम तेवढं अथर्वकडे होतं आणि अथर्व योग्य वेळेची वाट पाहत होता. योग्य वेळ बहुधा कल्याण रोडलाच कुठेतरी अडकली होती.

म्हणजे पेच असा की खोकं वाचवायचं तर ते कशाला हवंय हे सांगावं लागणार आणि ते सांगायचा मान अथर्वचा. निवेदिताने दातांतले चिमटे काढून सासऱ्यांच्या लेंग्याला लावले आणि ती आत गेली.

आता सासरे, म्हणजे सुधीरराव, भांडी कुठे नेणार होते ते सांगायला हवं.

सुधीरराव शाळेत चित्रकला शिकवायचे. तरुणपणी त्यांनी टीव्हीवर मुलांसाठी बाहुल्यांचा एक कार्यक्रम केला होता. नाव 'फडताळनगर'. त्यातल्या बाहुल्या म्हणजे घरातलीच भांडी. पळीला पदर, लाटण्याला टोपी, सगळ्यांना टपोरे डोळे. इन्स्पेक्टर उलथने नावाचं एक उलथणं गुन्हेगारांना उलटसुलट तपासायचं. कढईकाकू गावभरच्या भानगडी तळायच्या. सांडशी मुकी होती, ती नुसतीच तोंड उघडायची आणि मिटायची. कार्यक्रम चालला जेमतेम एक उन्हाळा. पण त्या उन्हाळ्यात टीव्हीवर दुसरं काही नसायचं, म्हणून एका अख्ख्या पिढीचं बालपण फडताळनगरातच गेलं. निदान ती पिढी आता तसं म्हणते.

त्या उन्हाळ्यात नीलाताई नव्या नवरी होत्या आणि फडताळ त्यांचं होतं. रेकॉर्डिंगच्या दिवशी त्यांनी आमटी सुधीररावांच्या लाकडी फूटपट्टीने ढवळली आहे आणि पोळ्या बाटलीने लाटल्या आहेत. ही आठवण मात्र कुणी फेसबुकवर टाकत नाही. पुढे कार्यक्रम बंद झाल्यावर एक दिवस सुधीरराव शाळेत गेलेले असताना नीलाताईंनी इन्स्पेक्टर, काकू आणि समस्त नागरिकांना मोडीत घातलं आणि त्या बदल्यात प्रेशर कुकर आणला. सुधीररावांना ते आठवडाभराने कळलं. त्यानंतरची कुकरची पहिली शिट्टी त्यांनी उभं राहून ऐकली, म्हणे.

एवढं होऊन प्रकरण मिटलं असतं. पण कुणाच्या तरी जुन्या कॅसेटमधून फडताळनगरचा एक तुकडा बाहेर आला आणि मोबाइलवर फिरायला लागला. चाळिशी उलटलेले पुरुष त्याखाली रडू लागले. 'ते दिवस गेले', 'तेव्हा माणसं खरी होती' (दिसत होतं उलथणं). मग विशाल नावाचा एक तरुण ठाण्याहून आला. तरुण म्हणजे पंचेचाळिशीचा, पण टोपी उलटी घातलेली. त्याचं जुन्या आठवणींचं यूट्यूब चॅनेल होतं. भिवंडीतल्या वाचनालयाच्या हॉलमध्ये फडताळनगरचा एक प्रयोग करायचा, तो चालला तर पुढे नवी मालिका. हे ऐकल्यापासून सुधीरराव जिन्यावरून उतरतानासुद्धा कॅमेरा समोर असल्यासारखे उतरत.

अडचण नटांची होती. नीलाताईंच्या ओट्यावर आता सगळं काळं, नॉनस्टिक, प्लास्टिकच्या दांड्यांचं. त्याला डोळे लावले तर मुलं घाबरली असती. आणि होतं त्यातलं काही द्यायला नीलाताई तयार नव्हत्या. एक जुनं उलथणं आणि एक सांडशी त्यांनी मोठ्या मनाने सोडली. बाकीसाठी माळ्याकडे बोट दाखवलं.

सुधीररावांनी रीतसर परवानगी विचारली. ती विचारायची त्यांची पद्धत सभ्य होती. आधी प्रश्न विचारायचा आणि समोरच्याने श्वास घेतला की आभार मानायचे. "निवेदिता, तुझी काही हरकत नाही ना?" असं ते म्हणाले, तिने श्वास घेतला, आणि ते नीलाताईंकडे वळून म्हणाले, "बघ. किती समजूतदार आहे."

त्या दिवशी अथर्व घरी आल्यावर निवेदिताने त्याला सगळं सांगितलं. अथर्वने बूट काढेपर्यंत नीट ऐकून घेतलं. मग म्हणाला की बाबांना एवढा आनंद किती वर्षांनी झालाय, आत्ता कोनचा विषय काढणं बरं दिसणार नाही, प्रयोग झाला की तो स्वतः सांगेल, आणि भांड्यांना काय होतंय, एका दिवसाचा तर प्रश्न. तिने विचारलं की डोळे कशाने चिकटवणार आहेत. ते त्याला माहीत नव्हतं.

डोळे शेजारच्या लूममधल्या, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यातल्या, मिस्त्रीने दिलेल्या कसल्याशा चिकट्याने लागले. डबी देताना मिस्त्री अभिमानाने म्हणाला होता, "सर, मशीन टूटेगी, ये नहीं छूटेगा." कपडेही लूममधलेच, कोऱ्या कापडाचे. दुसऱ्या दिवसापासून हॉलमध्ये निवेदिताचा संसार रांगेत उभा राहिला आणि तिच्याकडे टक लावून पाहू लागला.

आता रुखवतातल्या भांड्यांवर नाव घातलेलं असतंच. देणाऱ्याने दिलं आणि कुणाला कळलं नाही, असं दान आपल्यात करत नाहीत. त्यातही भांडं जितकं लहान तितकं नाव मोठं, हा दुकानदारांच्याही ओळखीचा नियम. अकलोलीच्या गोदूआत्याने दिलेली स्टीलची कढई चार भजी मावतील एवढी. पण तिच्या काठाखालून 'चि. निवेदिता हिस तिची आत्या सौ. गोदावरी हिजकडून प्रेमपूर्वक भेट' अशी ओळ एका अंगाने गोल फिरत गेली होती. वडप्याच्या सावळाराममामाचं पातेलं मात्र अवाढव्य होतं. मामाच्या शेतांवर गोडाऊनं उभी राहिल्यापासून त्याचं सगळंच अवाढव्य असे. फक्त पत्रा इतका पातळ की पातेल्याकडे जरा जोरात पाहिलं तरी पोचा पडावा. त्यावर 'सावळारामशेठ, वडपे' एवढंच होतं, पण हाताच्या पंजाएवढ्या अक्षरांत.

कोरणाऱ्याने कढई उपडी ठेवून नाव घातलं होतं, म्हणून सुधीररावांनीही ती उपडीच धरली. बुडावर डोळे लावले, दोन कड्या म्हणजे कान झाले, आणि ती कोरीव ओळ बरोबर ओठांच्या जागी आली. चित्रकलेच्या माणसाला अक्षरं दिसत नाहीत, रेषा दिसते. त्यांनी ती ओळ लाल ऑइलपेंटने भरून घेतली आणि लांब जाऊन पाहिली. कढईकाकू गालभर हसत होत्या. मग पातेल्यालाही तसंच हसवलं.

निवेदिताने हे पाहिलं होतं. ते सांगायला म्हणून तिने तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात सुधीररावांनी तिची पाठ थोपटली आणि सांडशीची प्रॅक्टिस छान चालू आहे म्हणाले. (सांडशी तिला दिली होती. सांडशीला संवाद नसतात.) तिनेही मग विचार केला की जाऊ दे, एवढ्या लांबून कोण वाचतंय. तिच्या माहेरी तर सुधीररावांनी स्वतः फोन केला होता. आत्या आणि मामाने पुढच्या रांगेतच बसायचं, त्यांच्यासाठी एक गंमत आहे. गंमत म्हणजे आपली भांडी प्रकाशात आलेली पाहून त्यांना वाटणारा अभिमान, असा त्यांचा प्रामाणिक हिशेब होता.

प्रयोग शुक्रवारी ठेवला, कारण शुक्रवारी लूम बंद असतात आणि भिवंडीत माणसाचा आवाज माणसाला ऐकू येतो. हॉल भरला. पोटं सुटलेली मुलं बालपण शोधायला आली होती आणि त्यांनी सोबत आपली खरी मुलं आणली होती, जी मोबाइलमधून मान वर काढत नव्हती. पेटीवर सुरुवातीची धून वाजली तेव्हा तिसऱ्या रांगेतल्या एका गृहस्थांनी चष्मा काढून डोळे पुसले आणि मुलाला म्हणाले, बघ, आमच्या वेळी हे असं होतं. मुलाने पाहिलं. एक उलथणं होतं.

विशालने प्रयोग सुरू होईपर्यंत एक गोष्ट गुप्त ठेवली होती. मागच्या लोकांना दिसावं म्हणून त्याने रंगमंचाच्या वर भिंतभर पडदा लावला होता, आणि कॅमेरा बाहुल्यांच्या अगदी तोंडाशी ठेवला होता.

कढईकाकू वर आल्या. पडद्यावर त्यांचे ओठ उमटले. हातभर उंच, लालभडक, शुद्धलेखनासकट. 'चि. निवेदिता हिस तिची आत्या सौ. गोदावरी हिजकडून प्रेमपूर्वक भेट.'

प्रेक्षकांना वाटलं प्रायोजक असावेत. त्यांनी टाळ्या वाजवल्या. गोदूआत्या पहिल्या रांगेतून उठली, पदर खांद्यावर घेतला, मागे वळली आणि सगळ्या हॉलला नमस्कार केला. ती बसते न बसते तोच इन्स्पेक्टर उलथन्यांनी काकूंना सवाल केला, "काकू, कोजागिरीचं दूध प्यायला म्हणून आलात. आता होळी आली."

"मग पुरणपोळी खाऊनच निघते म्हणते," कढईकाकू म्हणाल्या. त्यांचा आवाज सुधीररावच काढत होते, डोळे मिटून, तल्लीन होऊन.

हॉल हसला. पण सगळ्यांत मोठ्याने हसला सावळाराममामा. कारण गोदूआत्या निवेदिताच्या लग्नाआधी हळद दळायला म्हणून आली होती आणि सत्यनारायण, मांडवपरतणी आणि मधली एक चतुर्थी करून गेली होती, हे दोन्ही घरांत जगजाहीर होतं. सुधीररावांच्या मनात तसं काही नव्हतं. संहिता त्यांनी आत्या भेटण्याच्या कितीतरी वर्षं आधी लिहिली होती. पण कढईकाकू पुढे बोलत राहिल्या, कुणाच्या सुनेचं काय, कुणाच्या जावयाचं काय, आणि प्रत्येक वाक्याला ती लाल 'सौ. गोदावरी' पडद्यावर थरथरत होती. मामा मांडीवर थापा मारत होता. आत्याकडे बघून पुन्हा हसत होता.

मग शेठ पातेलेलाल आले.

ओठांवर 'सावळारामशेठ, वडपे'. मामाचं हसू जिथे होतं तिथेच राहिलं, फक्त त्यातला आवाज गेला. शेठ पातेलेलाल फडताळनगरच्या गरीब वाट्यांना म्हणत होते, मागा, काय पाहिजे ते मागा. इन्स्पेक्टरनी त्यांच्या पोटावर टकटक केली. ठण्णकन आवाज घुमला. "एवढं मोठं पोट," इन्स्पेक्टर म्हणाले, "आणि आत चमचाभर आमटी नाही."

आता गोदूआत्या हसली. एकदाच, पण ऐकू जाईल असं.

निवेदिता आडोशाच्या कापडामागे मांडी घालून बसली होती, हातात सांडशी वर धरून. तिने सुधीररावांना कोपराने ढोसलं. ते भावसमाधीत होते. नीलाताईंना खूण केली. त्या ताटं आपटून पार्श्वसंगीत देत होत्या आणि त्यांचा जीव त्यात इतका रमला होता की निवेदिताला क्षणभर वाईट वाटलं. मग मामाचाच आवाज जवळून आला. तो रंगमंचावर चढला होता, मागोमाग आत्या.

"माझं पातेलं हाय ते," मामा म्हणाला. "माझ्या पैशाच्या पातेल्याकडनं मलाच शिव्या? असं कुठं न्हाय बघितलं."

आत्याने कढईकाकूंचे कान धरले आणि ओढायला लागली. कपडे निघाले, डोळे निघाले नाहीत. मी ही भाचीच्या संसाराला दिली होती, तुमच्या तमाशाला नव्हे, असं ती म्हणत होती. सुधीरराव, अजून अर्धवट समाधीत, ही कला आहे असं म्हणत होते. नीलाताई म्हणाल्या की भांडी सुनेने आपखुशीने दिली आहेत.

मग सगळे निवेदिताकडे वळले. आत्याने विचारलं, "तू दिलीस?"

"मी विचारलं होतं तिला," सुधीरराव म्हणाले. "गप्प होती."

अथर्व बाजूला विंगेत उभा होता. त्याने छताच्या पंख्याकडे पाहिलं. पंखा बंद होता.

निवेदिता उभी राहिली. माइक चालू होता, कॅमेरा चालू होता, आणि हातातली सांडशी ठेवायचं तिला सुचलं नाही.

"माझी हरकत होती," ती म्हणाली. "ही भांडी मला हवी आहेत. आम्ही कोनला वेगळं राहायला जातोय. एक तारखेला. अथर्व सांगणार होता."

प्रॅक्टिस हातात बसल्यामुळे प्रत्येक शब्दाला सांडशीचं तोंड उघडत होतं आणि मिटत होतं. पडद्यावर तेवढी सांडशीच दिसत होती.

मग तिसऱ्या रांगेतले ते चष्मेवाले गृहस्थ उभे राहिले आणि म्हणाले, "सांडशी बोलली."

त्यानंतर जे झालं त्याला टाळ्यांचा कडकडाट हा शब्द अपुरा आहे. माणसं खुर्च्यांवर चढली. एका पिढीची मुकी सांडशी आज बोलली होती, आणि तीही कोनच्या फ्लॅटबद्दल. पोरांनीसुद्धा मोबाइल वर केले, शूट करायला. मागून 'वन्स मोअर' आला. आयुष्यात पहिल्यांदा निवेदिता चारचौघांत काही बोलली होती आणि चारशे जणांना ते संहितेत आहे असं वाटलं. टाळ्या वाजवणाऱ्यांत तिला विंगेतला अथर्वही दिसला.

पडदा पडल्यावर परिस्थिती तिच्या डोळ्यांदेखत सुधारत गेली, हे सगळ्यांत वाईट झालं. लोक रंगमंचामागे शिरले आणि त्यांनी खऱ्या कढईकाकूंबरोबर फोटो मागितले. पहिल्या फोटोला आत्याचा चेहरा फुगलेला होता, पाचव्याला ती कढई गालाशी धरून उभी होती. मामाला एका बाईंनी शेठजी म्हणून हाक मारली आणि तो विरघळला. पुढच्या मालिकेला वडप्यातलं एक गोडाऊन शूटिंगला देतो म्हणाला, भाडं न्हाय घेनार. सुधीररावांच्या डोळ्यांत पाणी होतं. सांडशीला बोलतं करायची कल्पना आपल्याला इतक्या वर्षांत कशी सुचली नाही, असं ते विशालला विचारत होते. वेगळं राहायला जाणं हा आजच्या काळाचा विषय आहे, तो धागा पुढच्या भागातही चालू ठेवायचा असं दोघांचं ठरलंही.

नीलाताईंनी निवेदिताचा हात हातात घेतला. "अगं, खरंच वाटलं क्षणभर."

"छान बोललीस," अथर्व म्हणाला आणि पाणी आणतो म्हणून निघाला.

विशालने तोवर एक मोठा क्रेट आणला होता. सेटची प्रॉपर्टी मालिकेपर्यंत आपल्याकडे ठेवलेली बरी, असं म्हणत तो आणि सुधीरराव भांडी भरायला लागले. तळाशी पातेलं, त्यात कढई, कढईत वाट्या. आत्या सांगत होती की काकूंना जरा जपून ठेवा. क्रेट भरत चालला आणि निवेदिताला एवढं नक्की कळलं की झाकण लागलं की एक तारखेला ती कोनला रिकाम्या ओट्यासमोर उभी असेल, फूटपट्टी शोधत.

तिच्याजवळ एक भाषण तयार होतं. रुखवत म्हणजे काय, मौन म्हणजे काय, नवरा म्हणजे काय, असे त्याचे तीन भाग होते. ते तिने गॅलरीत कितीदा तरी घोळवलं होतं. आता सगळे समोर होते, सगळे प्रसन्न होते, आणि तिला त्यातली एकही ओळ आठवेना. तिने खाली वाकून क्रेटमधून पातेलं उचललं, आत सगळं असतानाच, आणि ते पोटाशी धरून उभी राहिली. अथर्व पाण्याची बाटली घेऊन दारातच थांबला. सुधीररावांचा हात तसाच हवेत राहिला.

"आई, बाबा, ते संहितेत नव्हतं," ती म्हणाली. "एक तारखेसाठी रविवारी टेम्पो सांगायचाय. भांडी सगळी जाणार आहेत. अथर्वला तुम्ही ठेवून घेणार असाल तर आत्ताच सांगा, म्हणजे मी लहान टेम्पो सांगते."